माझ्या बाजूची वाट

मुलीवर हल्ला करायला मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी बिस्किट खात होतो. कराटेच्या क्लासबाहेर, पायऱ्यांशेजारच्या कट्ट्यावर आम्ही आठदहा पालक रोज संध्याकाळी बसलेलो असायचो. कुणी मोबाइलमध्ये डोकं घातलेलं, कुणी आपल्या पोराच्या अभ्यासाचं रडगाणं दुसऱ्याला ऐकवत असलेलं. सर दारात आले, कमरेवर हात ठेवून आमच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "नुसतं बसून काय करताय? मला चार दांडगी माणसं पायजेत. या की आत."

दांडगं आमच्यात कुणीच नव्हतं. मी एका सरकारी कचेरीतला लिपिक. पंचवीस वर्षं खुर्चीत बसून पोट सुटलेलं, जिना चढलो की धाप लागते. माझ्याबरोबर उठले ते तिघं म्हणजे नातीला घेऊन येणारे टेम्पोवाले चाचा, एका शाळेत शिपाई असलेल्या काकू आणि होटगीचा रेल्वेत काम करणारा एक गडी, ज्याची जुळी पोरं क्लासला होती. त्यातल्या त्यात तोच जरा धडधाकट. चौघंही चपला काढून आत गेलो आणि शाळेतल्यासारखे ओळीत उभे राहिलो. लहान पोरं तोंडावर हात धरून हसायला लागली.

मधोमध माझी मुलगी उभी होती. ती हसत नव्हती.

सरांचं घर मागवाल्यांचं, चादरी विणणाऱ्यांचं. घरात तेलुगू, बाहेर मराठी, दिवसभर मागावर आणि संध्याकाळी इथं. क्लासला गाद्या नव्हत्या. वीण चुकलेल्या, डाग पडलेल्या चादरी सहा सहा एकावर एक शिवून त्यांनी सगळी फरशी झाकून टाकली होती. त्यावर पडलं तर लागायचंच, पण फरशीपेक्षा कमी. चादरींवरची फुलं आणि मोर पोरांच्या पायाखाली झिजून गेले होते. त्यातल्याच एका मोरावर मला उभं केलं. चाचा समोर, काकू उजवीकडं, होटगीचा गडी मागं दाराच्या बाजूला आणि मी डावीकडं. मध्ये ती.

"ह्याला घेरा म्हणायचं," सर म्हणाले. "तुमी चौघांनी तिला धरायचं. तिनं दारापर्यंत जाऊन उंबऱ्याला हात लावायचा. मी वीस म्हणेपर्यंत वेळ. कुणाला लागलं, सोसंना झालं, तर 'बास' म्हणायचं. 'बास' म्हटलं की सगळ्यांनी सोडायचं."

"कैसा पकडना सर, बच्ची है," चाचा म्हणाले. मला अगदी माझ्या मनातलं बोलल्यासारखं वाटलं.

"मीच सांगितलंय सरांना, चाचा," मुलगी म्हणाली. "धरा तुमी."

तिनं का सांगितलं होतं ते त्या खोलीत मला आणि सरांनाच माहीत होतं.

ती चौथीत असल्यापासून कराटे शिकते. घरात कपाटावर तिच्या ढाली आणि कप आहेत, पाहुणे आले की मी त्यांना न विचारता दाखवतो. बारावीत गेल्यावर तिला स्कुटी घेऊन दिली. क्लास, ट्यूशन, मैत्रिणी, सगळीकडं एकटी फिरायची. मग मे महिन्यात एक दिवस ती म्हणाली, ट्यूशनला तुम्ही सोडा. दुसऱ्या दिवशीही तेच. मी वैतागलो. ऑफिसला उशीर होतो, गाडी काय शोभेला घेतलीय का, असं बरंच काही बोललो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. तिसऱ्या दिवशी जेवताना, ताटात बघत, तिनं सांगितलं.

दुपारी चारची वेळ. मेच्या उन्हात त्या वेळी सोलापुरात रस्त्यावर कुत्रंही नसतं. बंद पडलेल्या गिरणीच्या लांबलचक भिंतीशेजारून ती येत होती. दोन मोटरसायकलींवर चार पोरं. गाडी आडवी घातली, किल्ली काढून घेतली आणि नाव विचारलं. तिनं सांगितलं. परत विचारलं. परत सांगितलं. असं दहा-बारा वेळा तिला स्वतःचं नाव म्हणायला लावलं आणि दर वेळी ते हसले. हात लावला नाही. मग किल्ली भिंतीपलीकडं फेकून निघून गेले. ती गाडी ढकलत घरी आली होती आणि आम्हाला म्हणाली होती, किल्ली हरवली. दुसरी किल्ली घरात होतीच, म्हणून आम्हीही फार विचारलं नाही.

"काही झालं न्हाय पप्पा," ती म्हणाली. "एक असता तर बघितलं असतं मी त्याच्याकडं. चौघं होते. माझे हात वर झालेच न्हाईत."

बायको रडायला लागली. मी उठलो, गाडी काढली आणि त्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. तिथं कोण असणार? भिंत होती. थोडा वेळ उगाच इकडंतिकडं बघितलं आणि परत आलो. मग तक्रार अर्ज लिहायला बसलो. अर्ज लिहिण्यात माझा हातखंडा आहे, ऑफिसात लोक माझ्याकडून लिहून घेतात. 'विषय' असं लिहिलं आणि पुढं दोन ठिपके दिले. पुढं काय लिहू? गाडीचा नंबर तिनं बघितला नव्हता. चेहरे आठवत नव्हते. झालं काय, तर मुलीला नाव विचारण्यात आलेबाबत. तीन कागद फाडले. चौथ्यावर मजकुरात 'काही झालेले नाही' असं माझ्याच अक्षरात उमटलं, तेव्हा पेन ठेवून दिलं.

पुढच्या आठवड्यात तिनं सरांना गाठलं. एकाशी कसं लढायचं ते शिकवलंत, आता चौघांचं शिकवा. आणि मला म्हणाली, "ज्या दिवशी चौघांतनं सुटून दारापर्यंत जाईन, त्या दिवशी किल्ली मागीन. तवर तुमी सोडत जा." तेव्हापासून स्कुटीची किल्ली माझ्या खिशात आणि ती माझ्या मागं बसायची.

तर तो पहिला घेरा. सरांनी टाळी वाजवली. चाचा दोन पावलं पुढं आले आणि थांबले. काकूंनी तिची ओढणी सावरावी तसा तिचा बेल्ट धरला. मी पुढं झालो तर माझा पाय तिच्या पोटरीला लागला. झालं! माझा हात आपोआप खाली गेला, तिच्या पायाला लागला आणि तिथून माझ्या कपाळाला. मी वाकलेलो असतानाच ती माझ्या अंगावरून बाजूला गेली आणि पळत जाऊन उंबऱ्याला हात लावला.

सगळा क्लास हसून लोळायला लागला. "साहेब, गुंड पाया पडत न्हाईत हो!" सर म्हणाले.

पाय लागला की त्या माणसाला हात लावून तो हात कपाळाला लावायचा, ही आमच्या घरची शिस्त. माझ्या आईनं मला लावली, मी मुलीला. तीन वर्षांची असताना ती मांजरालासुद्धा नमस्कार करायची, चेंडूला लाथ मारली की पळत जाऊन चेंडूच्या पाया पडायची. आम्ही कौतुकानं लोकांना सांगायचो. आता त्या चादरीवर तीच गंमत सुरू झाली. तिनं काकूंच्या मांडीवर लाथ मारली की तिचा हात काकूंकडं जायचा. होटगीचा गडी तर माळकरी, तो दर वेळी दोन्ही हात जोडायचा. चौघं हल्लेखोर आणि एक मुलगी, पाचही जणं आळीपाळीनं एकमेकांना नमस्कार करतायत, असा आमचा घेरा. सर कपाळावर हात मारून घ्यायचे.

हळूहळू बाकीच्यांची ती सवय मोडली. सरांनी शिकवलेलंही तिला जमायला लागलं. मध्ये थांबायचं नाही, एकाला धरून त्याच्या आड जायचं म्हणजे बाकीचे अडतात, फट दिसली की निघायचं, मागं वळून बघायचं नाही. ती पंधराच्या आत उंबऱ्याला पोचायला लागली. पोरं टाळ्या वाजवायची. कट्ट्यावरचे पालक दारात येऊन बघायचे आणि मला वाटायचं, काय पोरगी आहे आपली!

फक्त एक गोष्ट मला माहीत होती आणि मी ती कुणाला सांगत नव्हतो. ती दर वेळी माझ्याच बाजूनं सुटायची.

मी मुद्दाम सोडायचो का? मी स्वतःला सांगायचो की नाही, माझं वजन जास्त, मी सावकाश, म्हणून ती माझी बाजू निवडते. पण माझा हात तिच्या मनगटाला लागला की बोटं मिटायचीच नाहीत. तिला दुखेल असं वाटायचं. पाय पुढं टाकताना तिच्या पायावर पडू नये म्हणून मी खाली बघायचो आणि खाली बघितलं की ती गेलेलीच असायची. आणि खरं सांगायचं तर मला ती जिंकायला हवी होती. त्याच वेळी ती जिंकून किल्ली मागेल, तेही नको होतं. तिला मागं बसवून संध्याकाळी घरी यायची मला सवय झाली होती. ती माझ्या पाठीमागं आहे म्हणजे ती आहे, एवढंच मला कळत होतं.

तिनं किल्ली मागितलीही नाही. चार वेळा, पाच वेळा उंबऱ्यापर्यंत गेली, पण मागितली नाही. मीही आठवण करून दिली नाही.

श्रावण संपता संपता एके दिवशी ऑफिसात मीटिंग लांबली. मी तिला क्लासला सोडून परत गेलो होतो आणि आणायला यायला वेळ झाला. पोचलो तर ती पायरीवर बसलेली, ओठावर फडक्यात बांधलेला बर्फ. पांढऱ्या ड्रेसवर गळ्यापाशी रक्ताचे दोन थेंब होते.

"काय झालं?" मी ओरडलोच.

सर बाहेर आले. "घेरा घेतला आज. तुमी न्हवता, म्हणून तुमच्या जागेवर होटगीवाल्याला हुबं केलं आणि दाराच्या बाजूला मी थांबलो. टाळी वाजवली तर पोरीनं बघितलंच न्हाय, सरळ डावीकडं गेली. त्याच्या खांद्यावर तोंड आपटलं. त्याचा काय दोष न्हाय साहेब. तो जागेवर हुबा होता."

होटगीचा गडी आत भिंतीला टेकून अपराध्यासारखा उभा होता. त्यानं काय केलं होतं? डावीकडं वाट आहे असं तिच्या अंगात मी तीन महिने मुरवत बसलो होतो.

घरी येताना ती नेहमीसारखी मागं बसली होती. सिग्नलला थांबलो तेव्हा सुजलेल्या ओठानं माझ्या कानाशी बोलली, "पप्पा, मला पैल्यापासनं माहीत हाय."

"काय?"

"तुमी सोडता ते. मलापण बरं वाटायचं, म्हणून जायची मी तिकडनंच." सिग्नल सुटला. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. "उद्या खरं धरा. ते चौघं धरतील तसं. न्हायतर येऊच नका."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात काही सुधरलं नाही. एकाच फायलीवर दोनदा शिक्का मारला. संध्याकाळी चपला काढून आत गेलो, माझ्या मोरावर उभा राहिलो. तिचा ओठ अजून सुजलेलाच होता. तिनं चौघांकडंही बघितलं आणि म्हणाली, "आज कुणी सोडायचं न्हाय हं." चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

टाळी वाजली. ती या वेळी माझ्याकडं आली नाही. काकूंच्या आड गेली, चाचांना चुकवलं, पण होटगीच्या गड्यानं तिची मान मागून कवेत धरली. सर मोजत होते, चार, पाच. तिनं त्याच्या पायावर टाच हाणली आणि वळली, तेव्हा मी तिचं डावं मनगट धरलं. बोटं मिटली. तिनं माझ्या नडगीवर जीव खाऊन लाथ मारली. डोळ्यापुढं अंधारी आली. तिचा हात नमस्काराला गेला नाही. मी पुढं रेटलं तर माझा पाय तिच्या पावलावर पडला, चांगला दाबून पडला. मीही वाकलो नाही.

नऊ, दहा. काकूंनी दुसरा हात धरला होता. चाचांनी बेल्ट. ती ओढत होती आणि ती किती ताकदीनं ओढते ते मला मनगटातून कळत होतं. अकरा, बारा. मग ती ताकद कमी व्हायला लागली, तेही मला कळलं. बाकी कुणाला कळलं नसेल. मी मनात म्हणत होतो, बास म्हण, बाळा, बास म्हण. ती म्हणाली नाही. तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. अठरा वर्षांत तिनं माझ्याकडं तसं कधी बघितलं नव्हतं. मी कोण आहे ते तिला त्या क्षणी ठाऊक नव्हतं. त्या भिंतीपाशी त्या चौघांना हाच चेहरा दिसला असणार, आणि तरी ते हसले. आता तो माझ्यापुढं होता आणि धरलेला हात माझा होता.

बास म्हणायचा अधिकार मलाही होता. नियम सगळ्यांना सारखाच होता. पण मी तिला शब्द दिला होता. म्हणून मीही तोंड उघडलं नाही.

"वीस," सर म्हणाले. "बास, सोडा."

तिघांनी सोडलं. माझी बोटं उघडेनात. सरांनी जवळ येऊन ती एकेक करून सोडवली. तिच्या मनगटावर माझ्या चारही बोटांचे वळ उठले होते. ती चादरीवर बसली आणि धापा टाकायला लागली. मला स्वतःची किळस आली. तीन महिने मी तिला लटकी वाट दिली आणि आज खरी भिंत झालो. बाप म्हणून यातलं कुठलं बरोबर होतं ते मला अजूनही सांगता येत नाही.

कुणी हसलं नाही. सर तिच्याशेजारी मांडी घालून बसले. "हे बघ," ते हळू आवाजात म्हणाले, "चौघांनी खरंच धरायचं मनावर घेतलं ना, तर कुणी बी सुटत न्हाय. मी बी न्हाय. धरायच्या आधी निघायचं तेवढं आपल्या हातात. धरल्यावर काय न्हाय. हे मी तुला पैल्याच दिवशी सांगायला पायजे होतं."

ती बराच वेळ मनगट चोळत राहिली. मग उठली, सरांना वाकून नमस्कार केला, चाचांना आणि काकूंना हसून दाखवलं आणि बाहेर आली. मी नडगी चोळत मागोमाग.

बाहेर अजून उजेड होता. स्कुटीपाशी आल्यावर तिनं हात पुढं केला. "किल्ली द्या, पप्पा."

"अगं पण आज तर तू..."

"व्हय. आज सुटलेच न्हाय." तिचा श्वास अजून लागत होता. "सुटता येतच न्हाय म्हणतात सर. मग किती दिवस थांबू मी? द्या की."

मला पुष्कळ काही बोलायचं होतं. अंधार पडेल, ओठ सुजलाय, उद्यापासून जा, निदान आज मागं बस. पण खिशात हात घातला आणि किल्ली हाताला लागल्यावर मला आठवलं, माझा पाय तिच्या पावलावर पडला होता. मी तिथंच रस्त्यात वाकलो, तिच्या पावलाला हात लावला आणि कपाळाला लावला.

"पप्पा! काय करताय, लोक बघतायत की!" तिनं मला दंडाला धरून उठवलं. माझ्या हातातून किल्ली घेतली. हेल्मेट घातलं, त्याचा पट्टा ओठाला घासला तेव्हा चेहरा वाकडा केला. "तुमी रिक्षानं या. मम्मीला फोन करू नका, मी पोचते."

ती गेली. चौकात तिनं डावीकडचा इंडिकेटर दिला आणि वळली. वळून सरळ रस्त्याला लागली तरी तो चालूच होता. बंद करायला ती पहिल्यापासून विसरते, मी तिला त्यावरून नेहमी चिडवायचो. मागच्या माणसाला वाटणार ही आता वळणार. मी दोन्ही हात तोंडापाशी धरून जोरात ओरडलो, "इंडिकेटर!" पानटपरीवरचे दोघं माझ्याकडं बघायला लागले. ती लांब गेली होती. तो पिवळा दिवा लागत विझत, लागत विझत गर्दीत शिरला, आणि मी दुखऱ्या नडगीवर तिथंच उभा राहिलो.